शीग, रास आणि घुमट

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मराठीत 'शिगोशीग' असा एक भरघोस शब्द आहे. मन आनंदाने शिगोशीग भरले, असे आम्ही कवी मंडळी लिहितो आणि वाचणाराही मान डोलावतो. पण शीग म्हणजे नेमके काय, असे आजच्या शाळकरी मुलाला विचारले तर तो आपल्याकडे बघत राहील. धान्याचे माप काठोकाठ भरले की त्याच्यावर आणखी एक निमुळता ढीग उभा राहतो, तो म्हणजे शीग. आता हेच भूमितीच्या भाषेत सांगायचे तर माप ही वृत्तचिती आणि तिच्या डोक्यावरची शीग हा शंकू. आपण ज्याला शब्दांचे सौंदर्य समजत होतो, त्याच्या आत दोन घनाकृती एकमेकींवर बसलेल्या आहेत.

माझे शिक्षण बी.ए.पर्यंतचे, तेही साहित्याचे. तरी आज मी घनाकृतींवर बोलणार आहे. कारण हा विषय परीक्षेपुरता शिकून विसरून जाण्याचा नाही. कोणाच्या पदरात किती पडते, याचा हिशेब त्यात दडलेला आहे.

घराणी कोणकोणती?

कागदावरच्या आकृतीला लांबी आणि रुंदी असते. तिला जाडी किंवा उंची मिळाली की ती जागा व्यापू लागते, हातात धरता येते. ती घनाकृती. काड्यापेटी, वीट, फासा, चेंडू, नळा, भोवरा, घुमट ही सगळी तिचीच रूपे. इतक्या गर्दीत ओळख ठेवायची तर गाण्यातल्यासारखी घराणी पाडावी लागतात.

पहिली वाटणी सोपी आहे. हात फिरवून पाहायचे. सगळीकडे सपाट पृष्ठेच लागली तर एक गट, कुठे गोलाई लागली तर दुसरा. सपाट पृष्ठांच्या आकृतीत तीन गोष्टी मोजता येतात: पृष्ठे, दोन पृष्ठे जिथे मिळतात त्या कडा आणि कडा जिथे एकत्र येतात ते कोपरे, म्हणजे शिरोबिंदू. विटेला 6 पृष्ठे, 12 कडा आणि 8 शिरोबिंदू असतात. चेंडूला यातले काहीच मोजता येत नाही. तो सगळ्या बाजूंनी सारखाच.

दुसरी वाटणी याहून उपयोगाची आहे. आकृती खालून वरपर्यंत एकाच जाडीची आहे, की निमुळती होत एका टोकाला मिळते? वीट, षटकोनी पेन्सिल, पाण्याचा नळ कुठेही आडवे कापले तरी काप सारखाच निघतो. ही चितीची जात. तळ चौकोनी असो, षटकोनी असो वा वर्तुळाकार, घनफळाचा नियम एकच: तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची. देवळाचे कळसाकडे निमुळते होत जाणारे शिखर, इजिप्तचे पिरॅमिड, भेळेचा कागदी पुडा ही दुसरी जात. तळ सरळ बाजूंचा असेल तर तिला सूची म्हणतात आणि तळ गोल असेल तर शंकू.

तिसरी जात गोलाची. तो एकटाच आपल्या घराण्याचा. एका मध्यबिंदूपासून सारख्याच अंतरावर असलेले सगळे बिंदू, एवढीच त्याची व्याख्या.

टोकाला गेले की तिसरा हिस्सा

शाळेत सूत्र पाठ करून घेतात की शंकूचे घनफळ वृत्तचितीच्या एक तृतीयांश असते. एक तृतीयांशच का? अर्धे का नाही? हा प्रश्न विचारायचे बहुधा राहून जाते. त्याचे उत्तर डोळे मिटूनही पाहता येते, म्हणून रेडिओवर सांगायला हरकत नाही.

एक घन डोळ्यांसमोर आणा, फाशासारखा. त्याच्या अगदी मध्यभागी एक बिंदू आहे असे समजा. त्या बिंदूपासून आठही कोपऱ्यांपर्यंत सुरी फिरवली तर घनाचे सहा सारखे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याचा तळ म्हणजे घनाचे एक पृष्ठ, आणि टोक म्हणजे तो मधला बिंदू. म्हणजे सहा सूची झाल्या. प्रत्येकीचे घनफळ घनाच्या एक षष्ठांश. आता त्याच तळाची आणि त्या सूचीएवढ्याच उंचीची पेटी घ्या. तिची उंची घनाच्या निम्मी, म्हणून तिचे घनफळ घनाच्या निम्मे. निम्म्यापुढे एक षष्ठांश म्हणजे तिसरा हिस्सा. म्हणून सूचीचे घनफळ त्याच तळाच्या आणि उंचीच्या चितीच्या एक तृतीयांश. सूची लहान असो वा मोठी, तळ चौकोनी असो वा गोल, हे प्रमाण ढळत नाही.

म्हणजे तेवढ्याच तोंडाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या पेल्यात जेवढे फुटाणे मावतील, त्याच्या तिसरा हिस्साच कागदी पुड्यात मावतात. पुडा उंच दिसतो, डोळे सुखावतात, आणि फुटाणे दोन घासांत संपतात. यात फसवणूक आहे असे मी म्हणत नाही. पण आकार ओळखता आला की आपण किती विकत घेतले हे कळते.

शिगेचा हिशेब

आता पुन्हा मापाकडे येऊ. देशात 1956चा मापे-वजनांचा कायदा झाला, मेट्रिक पद्धत आली, धान्य किलोवर विकले जाऊ लागले. तरीही खेड्यापाड्यांत पायली, शेर आणि पावशेर घरातून गेले नाहीत. उसनवारी मापानेच व्हायची. आमच्या घरी माझी दादी शेजारणीला ज्वारी द्यायची ती शीग लावून, आणि परत घ्यायची ती माप हाताने सपाट करून. कोणी विचारले तर म्हणायची, "देताना शीग असावी, घेताना नसली तरी चालते." बाजारात याच्या उलट रीत पाहायला मिळे. एक व्यापारी शेतकऱ्याकडून घेताना शिगेने घेई आणि गिऱ्हाइकाला देताना माप सपाट करून देई. माप तेच, मापारीही तोच. बदलायची ती फक्त डोक्यावरची शीग.

या शिगेत किती धान्य मावते? धान्याचा ढीग हवा तेवढा उभा राहत नाही. एका ठरावीक उताराला दाणे घरंगळू लागतात. ज्वारी-हरभऱ्यासारख्या धान्याच्या ढिगाची उंची त्याच्या घेराच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी भरते. हे धरून हिशेब केला तर ज्या मापाची उंची त्याच्या तोंडाच्या व्यासाएवढी आहे, त्याच्या शिगेत मापाच्या दहा टक्क्यांहून थोडे अधिक धान्य बसते. माप बुटके आणि पसरट असेल, म्हणजे उंची व्यासाच्या निम्मी असेल, तर हाच आकडा सुमारे 21 टक्के होतो. दोन्ही मापांत काठापर्यंत धान्य अगदी सारखे मावत असले तरी पसरट मापावरची शीग मोठी. दर पाच मापांमागे एक माप वर गेले, आणि ज्याचे गेले त्याला ते दिसलेसुद्धा नाही. आपल्याकडे 'मापात पाप' म्हणतात ते हेच. कुरआनातील 83वी सूरा तर माप मारणाऱ्यांच्याच नावाची आहे. मापातली लबाडी जगात सगळीकडे जुनी, आणि तिची चीडही तितकीच जुनी.

भास्कराचार्यांची रास

ढिगाची उंची घेराच्या दहाव्या हिश्श्याएवढी, हे मी कुठून आणले? ते आहे भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त. हा ग्रंथ 1150चा. त्यात धान्याच्या राशीचे गणित स्वतंत्र प्रकरण करून दिले आहे. जाड्या दाण्याच्या राशीची उंची घेराच्या दहाव्या हिश्श्याएवढी, बारीक दाण्याची अकराव्या आणि कुसळ असलेल्या धान्याची नवव्या हिश्श्याएवढी, असे तिथे सांगितले आहे. बारीक दाणा अधिक घरंगळतो म्हणून त्याची रास बसकी. कुसळे एकमेकांत अडकतात म्हणून ती रास उभट. खळ्यावर उभे राहून पाहिल्याशिवाय हे सुचत नाही.

राशीचे घनफळ काढायची त्यांची रीत तर तोंडी करण्यासारखी आहे. घेराचा सहावा हिस्सा घ्या, त्याचा वर्ग करा, उंचीने गुणा. घेर 60 हात असेल तर सहावा हिस्सा 10, वर्ग 100, उंची 6 हात, म्हणजे 600 घनहात. आपल्या आजच्या सूत्राने हेच उत्तर सुमारे 573 येते. फरक पाच टक्क्यांच्या आतबाहेर, कारण या रीतीत परीघ व्यासाच्या तिप्पट धरला आहे. भास्कराचार्यांना त्याहून सूक्ष्म प्रमाण माहीत होते, त्याच ग्रंथात ते आहेही. पण खळ्यावरच्या माणसाला दोरीने घेर मोजून झटपट हिशेब करायचा असतो आणि रास काही घासून-पुसून गुळगुळीत केलेली नसते. कुठे सूक्ष्म व्हावे आणि कुठे ढोबळ चालेल, हे कळणे हाही शहाणपणाचाच भाग.

रास भिंतीला टेकून असेल तर? तो अर्धा शंकू. दिसणारा घेर दुप्पट करा, हिशेब करा आणि उत्तर निम्मे घ्या. खोलीच्या कोपऱ्यात असेल तर पाव शंकू, म्हणून घेर चौपट आणि उत्तर पाव. घराच्या बाहेरच्या कोपऱ्याला वळसा घालून पडली असेल तर पाऊण शंकू. 'लीलावती'त हे तिन्ही प्रकार दिले आहेत. घनाकृतींचे वर्गीकरण म्हणतात ते याला. नाव वेगळे देऊन भागत नाही, तुकडा कोणत्या पूर्ण आकृतीचा आहे ते ओळखावे लागते.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे 1207चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, त्याची हकिकत त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांसमोर आणला. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात बाजारातून मठाला मिळायच्या उत्पन्नाची व्यवस्था लावली आहे. तिथे जे मोजले जाईल ते मठाच्या मापाने मोजावे आणि मापणावळीतला निम्मा वाटा मठाला, निम्मा मापाऱ्याला, असा त्याचा आशय. गणिताच्या पाठशाळेचा खर्च आणि बाजारातले माप एकाच दगडावर कोरलेले आहे, हे मला फार बोलके वाटते.

पुढे 1587 साली अकबराच्या आज्ञेवरून 'लीलावती'चा फारसी अनुवाद झाला. तो कोणी केला? फैजीने, म्हणजे अकबराच्या दरबारातल्या एका मोठ्या कवीने. लीलावतीच्या लग्नाची घटका आणि घटिकापात्रात अडकलेला मोती ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, ती फैजीच्या प्रस्तावनेतूनच पसरली. घटिकापात्र म्हणजे तळाला भोक असलेली अर्धगोलासारखी वाटी, ती पाण्यावर तरंगते आणि हळूहळू भरून बुडते. कवीने गणिताला हात लावला तर काय होते? सूत्रे जशीच्या तशी राहतात आणि त्यांच्याबरोबर एक गोष्ट शतकानुशतके चालत राहते.

गोलाची किंमत

गोलाचे घनफळ काढताना मात्र थोरामोठ्यांचीही परीक्षा झाली. आर्यभटाचा 'आर्यभटीय' हा ग्रंथ 499चा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे सांगणारा तो विलक्षण माणूस. पण गोलाच्या घनफळाची जी रीत त्याने दिली, तिने उत्तर सुमारे 33 टक्के जास्त येते. 'लीलावती'त ते बरोबर सांगितले आहे: गोलाचे पृष्ठफळ त्याच्या सर्वांत मोठ्या वर्तुळाच्या चौपट आणि पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागले की घनफळ. चेंडूभोवती जाळे असावे तसे पृष्ठफळ गोलाला वेढून असते, असा दृष्टान्तही भास्कराचार्यांनी दिला आहे. आर्यभटाचे मोठेपण याने उणे होत नाही. ज्ञान असेच पुढे सरकते, आधीच्याला नमस्कार करून आणि त्याचा हिशेब पुन्हा तपासून.

चौपटीची खात्री घरीच करता येते. एक गोल संत्रे घ्या, बरोबर मधोमध कापा, तो गोल काप कागदावर ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवा आणि अशी चार वर्तुळे काढा. मग त्या संत्र्याच्या सालीचे बारीक तुकडे करून वर्तुळे भरत जा. साल जवळजवळ बरोबर चार वर्तुळांना पुरते.

ग्रीक गणिती आर्किमिडीजने तर गोलाच्या नात्यागोत्याचा छडा लावला. गोल ज्यात नेमका बसेल अशी वृत्तचिती घ्या आणि तेवढ्याच तळाचा, तेवढ्याच उंचीचा शंकू घ्या. शंकू, गोल आणि वृत्तचिती यांची घनफळे 1, 2 आणि 3 या प्रमाणात येतात. शंकू आणि गोल मिळून बरोबर एक वृत्तचिती. हा शोध त्याला इतका प्रिय होता की आपल्या कबरीवर वृत्तचिती आणि गोल कोरावेत अशी त्याची इच्छा होती. दीडशेएक वर्षांनी रोमन वक्ता सिसेरो याला सिसिलीत झुडपांत हरवलेली ती कबर सापडली, ती त्या आकृतीच्या खुणेवरूनच.

गोलाचा आणखी एक गुण आहे. ठरावीक घनफळासाठी कमीत कमी पृष्ठफळ लागते ते गोलाला. दवाचा थेंब, साबणाचा फुगा गोल होतो तो यामुळेच. माठ आणि रांजण पोटाशी गोल असतात, त्यामागे चाकाची फिरत आहे, पण थोड्या मातीत जास्त पाणी राहते हा फायदाही आहे.

बाजारात उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगतो. आकार तोच ठेवून लांबी दुप्पट केली तर पृष्ठफळ चौपट होते आणि घनफळ आठपट. 20 सेंटिमीटर व्यासाचे कलिंगड आणि 25 सेंटिमीटर व्यासाचे कलिंगड शेजारी ठेवा. डोळ्यांना दुसरे थोडेसेच मोठे दिसते. प्रत्यक्षात त्याचे घनफळ जवळजवळ दुप्पट असते. दर नगावर असेल तर कोणते उचलायचे, ते आता तुम्हीच ठरवा.

पाचच का?

आता सपाट पृष्ठांच्या घराण्यातल्या खानदानी मंडळींकडे वळू. समजा अट घातली की सगळी पृष्ठे एकसारखी असावीत, प्रत्येक पृष्ठाच्या बाजू आणि कोन समान असावेत आणि प्रत्येक कोपऱ्यावर तेवढीच पृष्ठे मिळावीत. सपाट आकृती अशा अगणित आहेत: समभुज त्रिकोण, चौरस, पंचकोन, षटकोन, हवे तितके पुढे जा. मग घनाकृतीही अगणित असतील असे वाटते. प्रत्यक्षात त्या फक्त पाच आहेत. कोणाच्या आवडीनिवडीने हे ठरलेले नाही.

कारण साधे आहे. कोपरा उभा राहायचा तर तिथे किमान तीन पृष्ठे हवीत आणि त्यांच्या कोनांची बेरीज 360 अंशांपेक्षा कमी हवी. 360 झाली की कोपरा उरत नाही, फरशी होते. समभुज त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा. तीन, चार किंवा पाच त्रिकोण एकत्र आणता येतात, सहा आणले की फरशी. यातून चतुष्फलक, अष्टफलक आणि विंशतिफलक मिळतात, अनुक्रमे 4, 8 आणि 20 पृष्ठांचे. चौरसाचा कोन 90 अंशांचा. तीन आणले की घन होतो, चार आणले की फरशी. पंचकोनाचा कोन 108 अंशांचा, तिनांची बेरीज 324. त्यातून 12 पृष्ठांचा द्वादशफलक. षटकोनाचे तीन कोन मिळून नेमके 360, म्हणजे तिथेच फरशी झाली. त्यापुढे वाटच बंद. युक्लिडच्या ग्रंथाचा शेवट याच पाच आकृतींवर होतो.

निसर्गही ही आकृती जाणतो. मिठाचा खडा भिंगाखाली पाहिला तर छोटे घन दिसतात. तुरटीचे स्फटिक आठ पृष्ठांचे वाढतात.

अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने सपाट पृष्ठांच्या आकृतींमधला एक समान धागा शोधला. शिरोबिंदूंत पृष्ठे मिळवा, कडा वजा करा. उत्तर नेहमी 2. घन घ्या: 8 अधिक 6 वजा 12. चौकोनी तळाची सूची घ्या: 5 अधिक 5 वजा 8. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा जुना फुटबॉल घ्या: 12 पंचकोन, 20 षटकोन, 60 कोपरे, 90 कडा. पुन्हा 2. मग हा नियम मोडतो कुठे? चार पट्ट्या तिरक्या कापून जोडलेली फोटोची चौकट घ्या. सांधे धरून मोजले तर 16 कोपरे, 16 पृष्ठे, 32 कडा. उत्तर शून्य! कारण तिच्या मधून आरपार भोक आहे. आकृती चेपा, ताणा, वाकवा, उत्तर बदलत नाही. भोक पडले की बदलते. वर्गीकरणाची ही आणखी खोलातली पायरी: किती पृष्ठे आहेत यापेक्षा आरपार भोके किती आहेत ते पाहायचे.

कामट्या आणि घुमट

आकृती ओळखण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे ती बांधून पाहणे. मोहरमचे ताबूत बांधणारा आणि दिवाळीचा आकाशकंदील करणारा, दोघांच्याही हातात त्याच बांबूच्या कामट्या असतात, आणि दोघांनाही एक गोष्ट ठाऊक असते. बारा कामट्यांचा घन बांधला तर तो लुळा पडतो, एका बाजूला कलतो. त्याच्या चौकोनांत तिरप्या कामट्या बांधल्या की तो ताठ होतो. सहा कामट्यांचा चतुष्फलक मात्र पहिल्यापासूनच ताठ, कारण त्याची चारही पृष्ठे त्रिकोणी. बाजू न बदलता चौकोन कलू शकतो, त्रिकोण कलू शकत नाही. विजेचे मनोरे आणि लोखंडी पूल तिरप्या पट्ट्यांनी भरलेले दिसतात ते यासाठीच.

आणि घुमट? चौकोनी खोलीवर गोल छप्पर बसवायचे हा जुना पेच. चौरसाचे चार कोपरे वर्तुळाच्या बाहेर उरतात, त्यांचे काय करायचे? विजापूरचा गोल घुमट 1656च्या सुमारास पूर्ण झाला. आतले दालन चौरस, बाजू सुमारे 41 मीटर, आणि वरच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर. मध्ये एकही खांब नाही. तिथे भिंतींपासून कमानी अशा उभारल्या आहेत की वरून पाहिले तर दोन चौरस एकमेकांवर तिरपे ठेवल्यासारखे दिसावेत. त्यांच्या छेदांतून मधोमध अष्टकोन तयार होतो. चौरसाचा अष्टकोन आणि अष्टकोनाचे वर्तुळ, अशी पायरीपायरीने घनाची गाठ गोलाशी घातली आहे. घुमट आपल्या वजनाने बाहेर रेटतो, आत झुकलेल्या कमानींचे जड बांधकाम त्याला आत ओढून धरते, आणि साडेतीन शतकांहून अधिक काळ हा तोल टिकून आहे.

गोलांच्या बाबतीत फळवाल्याचेही ऐकायला हवे. मोसंब्यांचा ढीग तो कसा रचतो पाहा: खालच्या तीन-चार फळांमधल्या खळग्यात वरचे एक. याहून दाट रचना होणार नाही, असा तर्क केपलरने 1611 साली मांडला. अशा रचनेत जागेच्या सुमारे 74 टक्के भाग फळांनी व्यापला जातो. हे सिद्ध करायला जवळजवळ चारशे वर्षे लागली. टॉमस हेल्स या अमेरिकन गणितज्ञाने 1998 मध्ये संगणकाच्या मदतीने सिद्धता मांडली आणि तिची अक्षर न् अक्षर तपासणी 2014 मध्ये पुरी झाली. फळवाल्याचे हात बरोबर होते. पण हात बरोबर आहेत हे कळणे आणि ते बरोबरच का आहेत हे कळणे, या दोहोंमध्ये एवढे मोठे अंतर असते.

पुस्तकातली घनाकृती मुलांना सपाट कागदावर भेटते, आणि कागदावर काढलेला घन हा खरे तर घन नसतोच, ती त्याची सावली. म्हणून घरात मुले असतील तर त्यांच्या हातात बटाटा द्या, कापून घन करू द्या, कागदाचा शंकू वळू द्या, त्याने तीनदा तांदूळ ओतून डबा भरू द्या. तिसऱ्या खेपेला डबा काठोकाठ भरला की सूत्र पाठ करायची गरज उरणार नाही. आणि पुढे कधी कोणी त्यांच्यासमोर माप धरले, तर ते मापाच्या काठाकडे बघून थांबणार नाहीत. ते शिगेकडेही बघतील, ती कोणाच्या पदरात पडते आहे तेही बघतील.